डाव्या चाकामागचं एक बोट

हमरापूरहून गणपती घेऊन रोह्याला घरी निघालो होतो. मूर्ती मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर, तोंडावर रुमाल. गडबजवळ खड्डा चुकवताना ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि पुढचं डावं चाक कडेच्या चरात आपटलं. आम्हाला लागलं नाही. बायकोने रुमाल उचलून पाहिला. मूर्तीलाही ओरखडा नव्हता.

शेतावरून आलेल्या चौघांनी ढकलून गाडी रस्त्याच्या सपाट कडेला आणली. प्रश्न एवढाच होता, हिला आणि गणपतीला याच गाडीतून पुढे न्यायचं का?

मी मडगार्ड आणि टायरमधलं अंतर बोटांनी मोजलं. दोन्हीकडे सारखं.

"शॉकअप गेला असता तर गाडी बसली असती, दादा," त्यांतला एक म्हणाला. "काय होत नाय. जावा बिनधास्त."

मलाही जायचंच होतं. तरी चाकाच्या पुढेमागे बोटं घालून पाहिली. उजव्या चाकामागे तीन बोटं जात होती, डाव्यामागे जेमतेम एक. चाक मागे सरकलं होतं, म्हणजे त्याला धरून ठेवणारा खालचा आर्म वाकला असणार. जॅक लावून खात्री करायची, तर बायकोला उतरणं भाग होतं. ती उतरेना. वाटेत मूर्ती जमिनीवर टेकवायची नाही, आणि पावसात हातात धरून किती वेळ उभं राहणार?

शेजारच्या दुकानातली बाई पाट घेऊन आली. पाटावर मूठभर तांदूळ पसरत म्हणाली, "ये गो वहिनी, ठेव हितं. देवाला काय, आज गडबचा पाहुणचार."

जॅकवर गाडी उचलली. आर्म वाकलेला स्पष्ट दिसला. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक फिरवलं, तर टायर आतल्या बाजूला घासत होता.

"मग हळूहळू न्या," तोच शेतकरी म्हणाला.

"पुढे वळणं आहेत," मी म्हणालो. "नको."

तेवढ्यात गणपतींनी भरलेला एक टेम्पो आला. तोही रोह्याला चालला होता. ड्रायव्हरशेजारी एकाच माणसाची जागा होती. बायको मूर्ती घेऊन दाराशी गेली आणि तिने विचारलं, "ब्रेक बरे आहेत ना?"

"मागं एवढे देव बसलेत, वहिनी. ब्रेक कशाला लागतंय?"

ती हसली नाही, माझ्याकडे पाहत राहिली. मी वाकून टेम्पोचे चारही टायर पाहिले. नक्षी चांगली खोल होती, ओल्या रस्त्यावर पकड राहील अशी.

"बस," मी म्हणालो.