ड्रॉवरमधला अर्ज

आमच्या इथल्या मराठी मंडळात मी फुटबॉलवाल्याचा साहेब म्हणून ओळखला जातो. गणपतीची आरती झाली की प्रसादाचा द्रोण हातात घेऊन कुणी ना कुणी नव्या आलेल्या पुणेकराला माझ्यापुढे आणून उभं करतं आणि सांगतं, की तो सर्बियन लेफ्ट बॅक आहे ना, पहिल्या लीगमधला, तो यांच्या हाताखाली कामाला होता. पुणेकर आदराने बघतो. मी हसतो. ही बातमी मंडळात पहिल्यांदा मीच सांगितली होती, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

होता, खरंच माझ्या हाताखाली होता. इथे जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या एका गावात आमची छोटी कंपनी गाड्यांच्या दारांचे भाग बनवायची. तयार भाग मोजून बघायच्या खोलीत माझ्या हाताखाली चार माणसं, त्यातला हा एक. बावीस वर्षांचा. करार एका वर्षाचा, आणि या देशात राहण्याचा परवाना त्या कराराला बांधलेला. माझाही परवाना नोकरीलाच बांधलेला होता. परदेशी लोकांच्या ऑफिसात, आउसलेंडरबेहोर्डेत, आम्ही दोघं एकदा नंबराच्या चिठ्ठ्या धरून एकाच बाकावर तीन तास बसलो होतो. तेव्हा त्याने मला सांगितलं, की रविवारी तो गावच्या क्लबकडून खेळतो. सातवी लीग.

एका रविवारी आम्ही बघायला गेलो. गोदामामागचं मैदान, पन्नासेक प्रेक्षक, एक सॉसेजची टपरी. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण डावीकडची सगळी बाजू हा एकटा वर-खाली पळत सांभाळत होता आणि चेंडू त्याच्याजवळ गेला की शहाण्यासारखा थांबत होता, एवढं मलाही दिसलं. तीन वर्षांचा माझा मुलगा माझ्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत होता. नंतर हा आमच्याकडे जेवायला येऊ लागला. त्याच्या आईने पाठवलेली भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी तो बरणीभर घेऊन यायचा, आणि माझी बायको ती थालीपिठाबरोबर मिटक्या मारत खायची. तिला तो ताई म्हणायचा, तिनेच शिकवलं होतं. मला म्हणायचा शेफ, म्हणजे साहेब.

एक दिवस तो रजेचा अर्ज घेऊन आला. तिसऱ्या लीगमधल्या एका क्लबने त्याला चाचणीसाठी बोलावलं होतं. सोमवार ते शुक्रवार. सातवीतून थेट तिसरी. अर्ज त्याने इतक्या काळजीने भरला होता, की एकही अक्षर चौकटीबाहेर गेलं नव्हतं.

नेमका तोच आठवडा गिऱ्हाईक कंपनीच्या तपासणीचा होता आणि सगळ्यांच्या रजा बंद होत्या. माझ्या जागी एखादा जर्मन असता तर त्याने एका वाक्यात जमणार नाही म्हणून सांगितलं असतं. मग हा भांडला असता, वर गेला असता, क्लबकडून दुसरी तारीख मागून घेतली असती. काहीतरी केलं असतं. पण समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं आमच्या घरात कुणाला कधी जमलंच नाही. भीड भिकेची बहीण, असं आई उठता-बसता म्हणायची आणि स्वतः जन्मभर भिडेपायी लोकांची कामं उपसत राहिली. मी त्याला म्हणालो, "तू जा. मी बघतो."

"नक्की, शेफ?"

"नक्की."

अर्जावर आधी माझी सही आणि मग विभागप्रमुखाची सही लागायची. त्याच सुमारास माझ्या परवान्याचं नूतनीकरण आलं होतं आणि त्यासाठी लागणारं पत्र त्याच विभागप्रमुखाच्या टेबलावर पडलं होतं. त्याचा मूड बघून विचारू, असं मी ठरवलं. सोमवारी तो तपासणीत अडकला होता. मंगळवारी तो कुणावर तरी खेकसताना ऐकू आला. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये, मोजमापाच्या व्हर्नियरच्या डबीखाली, सहीशिवाय पडून राहिला. बुधवारी विभागप्रमुख स्वतःच खोलीत आला आणि हा कुठे आहे म्हणून त्याने विचारलं. आज आलेला नाही, असं मी सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

ऑफिसातून त्याला फोन गेला तेव्हा तो क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत होता. प्रशिक्षकाने नुकतंच त्याला सांगितलं होतं, की उद्याच्या सराव सामन्यात तू मुख्य संघातून खेळशील. तो सामना सोडून त्याने परतीची गाडी पकडली. गुरुवारी सकाळी खेळाची बॅग खांद्याला लावूनच तो कामावर हजर झाला. आम्हाला दोघांनाही वर बोलावलं. खोलीत विभागप्रमुख आणि पर्सोनालआब्टाइलुंगमधली, म्हणजे कर्मचारी विभागातली, एक बाई.

"शेफने मला जायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत म्हणालो, "अर्जावर सही झालेली नाही."

हेही खरंच होतं. त्याने माझ्याकडे मान वळवली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली, आणि मी पुन्हा टेबलाकडे बघायला लागलो.

त्याला लेखी ताकीद मिळाली. क्लबने पुन्हा बोलावलं नाही. त्या संध्याकाळी बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, अजून वेळ गेलेली नाही. उद्या वर जा आणि सांगा, की हो म्हणणारे तुम्हीच होतात."

"बघू," मी म्हणालो.

तिने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि वसंतात त्याचा करार संपला तो पुढे वाढवला गेला नाही. कराराबरोबर परवानाही गेला. शेवटच्या दिवशी त्याने खोलीतल्या सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीसुद्धा. माझं पत्र त्याच महिन्यात आलं, शिक्क्यासकट.

पुढची हकिगत सगळ्यांना माहीत आहे. तो गावी गेला, तिथल्या खालच्या लीगमध्ये खेळला, मग वरच्या. चार वर्षांनी इथल्या दुसऱ्या लीगमधल्या क्लबने त्याला विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी तो क्लब पहिल्या लीगमध्ये चढला. एका शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर तो दिसला. तीच डावी बाजू, तेच पळणं, फक्त भोवती पन्नास हजार माणसं. मला आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला हायसं वाटलं. माझ्यामुळे त्याचं काही अडलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. गेलेल्या चार वर्षांचा हिशोब मी त्यात धरला नाही.

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. मराठी त्याला कळते, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. त्याच्या पलंगाच्या वर या लेफ्ट बॅकचं मोठं पोस्टर आहे. पापा त्याला ओळखतो, ही त्याची वर्गातली सगळ्यात मोठी मिळकत. एकदा भेटायला ने, असा वर्षभर त्याचा हट्ट चालला होता, आणि मी बघू, बघू म्हणत होतो.

परवा जेवताना तो फुटबॉलचं मासिक मोठ्याने वाचत होता. त्याच्या लाडक्या खेळाडूची मुलाखत होती. सुरुवातीच्या दिवसांबद्दल विचारलं होतं. उत्तर मुलाने अडखळत वाचलं: मी कारखान्यात होतो तेव्हा माझ्या साहेबाने मला शब्द दिला आणि वेळ आली तेव्हा तो टेबलाकडे बघत बसला. त्या माणसाच्या घरी मी जेवलो होतो. तेव्हापासून मी कुणाच्या शब्दावर घराबाहेर पडत नाही.

मुलाने मासिक खाली केलं. "पापा, वार्स्ट दू दास?" तो तूच होतास का?

बायको ओट्याशी पोळी भाजत होती. तिचा हात थांबलेला मला दिसला.

"नाही," मी म्हणालो. "तो साहेब दुसऱ्या विभागातला होता."

आयुष्यात इतकं चटकन नाही म्हणायला मला कधी जमलं नव्हतं. मुलाने मान डोलावली, म्हणाला, असा कसा माणूस असेल तो, आणि पुढचा प्रश्न वाचायला लागला. तव्यावरची पोळी जळल्याचा वास आला, तरी बायकोने ती उलटली नाही.