ओला ताणा

गव्हाच्या खळीचा आंबूस, किंचित गोडसर वास आजही कुठून आला, की माझी मान आपोआप खाली जाते.

शहापुरात आमच्या घरामागेच विणकरांची गल्ली होती. सकाळच्या गारव्यात तिथे पांजणी चाले. सुताचा ताणा गल्लीभर पसरायचा, त्याला खळ लावायची आणि ती वाळण्याआधी कुंचल्याने धागा न् धागा मोकळा करायचा. घरातले सगळे हात त्यात गुंतत. मध्येच कुणाला उठता येत नसे. हे मी लहानपणापासून खिडकीतून पाहत आले होते.

पुढे मी महिला व्यायाम मंडळाची चिटणीस झाले, तेव्हा आमच्या खो-खोच्या संघात त्याच गल्लीतली एक मुलगी होती. पळताना तिच्या पावलांचा आवाजही होत नसे. मैत्रिणी चिडवत, “हिला धरू नगासा गं, अंगाला खळ हाय, चिकटून बसशीला!”

ती म्हणे, “आधी शिवा तर खरं!”

निपाणीच्या सामन्यापूर्वी मी नियम केला : सकाळच्या सरावाला तीनदा गैरहजर, तर नाव कमी, आधी चिठ्ठी आली असेल तर माफ. एका वकिलांच्या मुलीने लग्नघरातून चिठ्ठी धाडली. विणकराच्या मुलीला लिहिता येत नव्हते. तिच्या नावापुढे तीन फुल्या पडल्या.

संघाची नावे मी वाचून दाखवली, तशी ती पुढे आली. बोटांच्या पेरांवर खळ वाळून पांढरी झाली होती.

“आक्का, पांजणी हुती. वल्ला ताणा टाकून कशी येऊ?”

“नियम सगळ्यांना सारखा.”

“आईनं निपाणीसाठनं लुगडं काढून ठेवलंय, आक्का.”

मी वही मिटली. तो आवाज तेव्हा मला शिस्तीचा वाटला होता.

निपाणीत आम्ही हरलो. पण हरलो नसतो, तरी त्या पांढऱ्या पेरांनी मला सोडले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रथमच खिडकी सोडून त्या गल्लीत उतरले. ती ताण्यावर वाकलेली होती.

“माझं चुकलं,” मी म्हटले. “तोंडी निरोप दिलास तरी चालेल. परत ये.”

तिचा कुंचला थांबला नाही. मला जायला वाट मिळावी म्हणून ती अंग चोरून भिंतीशी सरकली, दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर नीट केला आणि खालच्या मानेने म्हणाली,

“बाईसाहेब.”