आईसाठी गॅरेजची जमीन

फरीदाबादचं घर बांधून झालं तेव्हा बँकेचा हप्ता निघावा म्हणून आम्ही तळमजला भाड्याने दिला आणि स्वतः वर राहिलो. खाली आमच्याकडे उरलं ते गॅरेज, नऊ फूट बाय सोळा. त्यात पहिलीवहिली गाडी, तीही हप्त्यांवरच. त्या काळात आमच्या सेक्टरमधल्या निम्म्या घरांचं गणित असंच होतं.

वडील गेल्यावर आई दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आमच्याकडे आली. तिचे गुडघे आधीच गेले होते आणि आमचा जिना अठरा पायऱ्यांचा. वर्षभरात ती खाली उतरली ती फक्त डॉक्टरकडे जायला. मोतीबिंदूमुळे बाल्कनीतून तिला रस्त्यावरची माणसंही धड दिसत नसत. एका संध्याकाळी ती म्हणाली, "मला साताऱ्याला भावाकडे पोचव. तिथे निदान दाराबाहेर पाय टाकता येईल." रागावून म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती अगदी शांतपणे म्हणाली.

गॅरेजातच तिची खोली करायची ठरवून मी गाडी रस्त्यावर काढली. शटरच्या जागी दार आणि खिडकी बसवली. जिन्याखाली न्हाणीघर होतंच.

"मी काय स्टेपनी आहे, गॅरेजात ठेवायला?" आईने विचारलं.

"स्टेपनी डिकीत असते, आई," बायको म्हणाली. "तुम्हाला खिडकी आहे."

आई हसली, पण हो म्हणाली नाही. "आधी बघू दे," एवढंच.

अडचण होती जमिनीची. गॅरेजच्या सिमेंटची सारखी पूड उडायची, आणि आईला दमा. फरशी बसवावी तर जमीन दोन इंच वर येऊन न्हाणीघराशी पायरी झाली असती. मला एकही पायरी नको होती. मी ज्या कारखान्यात अकाउंट्स बघतो तिथे परदेशी भागीदार आल्यावर नव्या हॉलच्या जमिनीला इपॉक्सी, म्हणजे वाळून दगडासारखा होणारा जाड रंग, लावलं होतं. बोट फिरवलं तरी धूळ लागत नसे. मेंटेनन्सवाल्यांकडून पद्धत समजून घेतली आणि दिल्लीहून डबे आणले.

जमीन ॲसिडने धुतली. वरून वाळलेली दिसत होती, तरी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवून ठेवला. सकाळी आतून थेंब. म्हणजे ओल होती, आणि ओलीवर इपॉक्सी धरत नाही. मग आठवडाभर पंखा. समोरचे पंजाबी शेजारी रोज थांबून बघायचे. "भाईसाहब, गाडी धूप में, और फर्श को पंखा?"

डब्यातला रंग आणि तो घट्ट करणारं हार्डनर वजनाने चारास एक. स्वयंपाकघरातल्या तराजूवर मोजून मिसळले. मिसळल्यावर अर्ध्या तासात हात आवरायचा, नाहीतर डब्यातच दगड होतो. बायको कडेने ब्रश फिरवत होती, मी मधे रोलर. आतल्या भिंतीपासून मागे सरकत आम्ही दारापर्यंत आलो. काम संपल्यावर दोघं बाहेर उकिडवे बसून बघत राहिलो. इतकं गुळगुळीत आमच्या घरात दुसरं काही नव्हतं.

वास पूर्ण गेल्यावर आईला धरून खाली आणलं. खिडकीतून ऊन जमिनीवर पडलं होतं. ती दारातच थांबली.

"आधी पुसून घ्या. पाणी सांडलंय."

"कोरडी आहे गं," मी तळवा घासून दाखवला.

तिने चपलेचं टोक पुढे केलं आणि मागे घेतलं. "असेल. मला पाणीच दिसतं रे. रोज पाण्यात पाय टाकायचा का मी?" माझा कोपर तिने घट्ट धरून ठेवला होता. मग म्हणाली, "साताऱ्याचं तिकीट काढ, बाळा."

मी ओल मोजली होती, वजन मोजलं होतं. चमक मोजायचं सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी प्लायवुडच्या तीन तुकड्यांवर इपॉक्सी लावलं आणि ओलं असतानाच त्यावर बारीक वाळू भुरभुरली, प्रत्येकावर कमीजास्त. वाळू पिठाच्या चाळणीने चाळली, म्हणून ती चाळणी बायकोने मला कायमची देऊन टाकली. तुकडे पक्के वाळल्यावर वर नेले. आई पलंगावर बसली, मी खाली बसून तिचं पाऊल एकेका तुकड्यावर ठेवलं. टाचांना भेगा, बोटं गार.

"ही टोचते. ही घसरते." तिसऱ्यावर तिने पाऊल मागेपुढे केलं. "ही चालेल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सप्तपदीलासुद्धा माझ्या पायाकडे कुणी इतकं बघितलं नव्हतं."

"कडेने गेरूच्या रंगाचा पट्टा ओढू," बायको म्हणाली. "भिंत कुठे सुरू होते ते आईंना कळेल."

मी सगळी चमक सँडपेपरने घासून काढली. नवा थर दिला, तिसऱ्या तुकड्याच्या प्रमाणात वाळू टाकली, वरून बिनचमकीचा पातळ हात आणि कडेने पट्टा.

या वेळी आईने दारातच चपला काढल्या. एक पाय आत ठेवला, बोटं दाबून बघितली, मग दुसरा. माझा हात धरून ती पट्ट्याकडे बघत हळूहळू चालली. बाहेर भाजीवाल्याची आरोळी आली. तिने माझा हात सोडला आणि एकटी खिडकीशी गेली.

"ओ भैया, रुको! मेथी ताजी है क्या?"

हातगाडी खिडकीशी थांबली. जुडी हातात घेऊन तिने डोळ्यांजवळ नेली, वास घेतला आणि देठांवरून त्याच्याशी वाद सुरू केला. मी तिथेच उभा होतो.

"बघत काय राहिलास?" ती म्हणाली. "पिशवी आण."