पंगत उठवणारी तबकडी

सायकेडेलिक रॉकबद्दल माझं मत कुणी विचारू नये, कारण विचारलं की मी ते सांगते. मी बारामतीत गणित शिकवते, जळोचीला राहते आणि माझ्या कपाटात साड्यांपेक्षा गाण्यांच्या तबकड्या जास्त आहेत. या सायकेडेलिक, म्हणजे धुंदीतलं रॉक वाजवणाऱ्या मंडळींचं एक ठरलेलं असतं. पहिली बाजू बरी जमते आणि दुसऱ्या बाजूला सगळे जेवून आडवे झाल्यासारखे वाजवतात. त्यातला एखादा मधेच सतार काढतो आणि करपलेलं पातेलं घासावं तशी ती घासतो. त्यापेक्षा गॅरेज रॉक परवडला. गाडी लावायच्या जागेत चार पोरं जमतात, जीव तोडून ओरडतात, आणि सूर चुकला तर चुकलेलाच ठेवतात. तरीही दोन्ही बाजू जागं ठेवणारी एक तरी सायकेडेलिक तबकडी आपल्याला मिळावी, ही माझी जुनी हाव होती.

ती मला बावड्यात सापडली असं वाटलं. तिथल्या एका चाचांचा पूर्वी लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नाच्या मांडवाशेजारच्या झाडावर कर्णा बांधायचा आणि दिवसभर गाणी लावायची. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत हिंदी गाण्यांखाली एक परदेशी तबकडी निघाली. तिला कव्हर नव्हतं आणि मधला कागद घासून पांढरा झाला होता. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेल्या गठ्ठ्यात ती आली होती म्हणे. मी मागितली, तर चाचा म्हणाले, "आठ दिस न्या. ऐका. हिच्यात काय हाय ते मला नीट सांगा. पटलं तर तुमची."

रविवारी दुपारी मी ती लावली आणि हातातला चहा गार झाला. गाणारा विहिरीच्या तळातून बोलत होता. ढोल एकेक पाऊल विचार करून टाकत होता. दोन्ही बाजूंना एक क्षणही कुणी झोपलं नाही. मी चारदा ऐकली, वहीत चार पानं लिहिली, आणि कपाटात तिच्यासाठी जागासुद्धा केली. इतका जीव माझा कुठल्याच तबकडीवर जडला नव्हता.

पुढच्या रविवारी तबकडी दोन पुठ्ठ्यांत बांधून मांडीवर घेतली आणि एस.टी.नं निघाले. इंदापूरला गाडी बदलली. बावड्याला पोचले तेव्हा चाचा ओसरीवर माझी वाटच बघत होते. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला. मी वही उघडली आणि चारही पानं वाचून दाखवली, वर्गात वाचते तशी, मधे थांबून समोर बघत. संथपणात केवढी ताकद असते, गाणाऱ्याला कसलीच घाई कशी नाही, असं बरंच काही त्यात होतं. चाचांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. मग ते उठले, स्वतःच्या जुन्या मशीनवर तबकडी ठेवली आणि बाजूचा खटका सरकवला.

चार पोरं ओरडत सुटली. ढोल धावत होता, गिटार त्याच्या मागं लागली होती, आणि गाणाऱ्याला इतकी घाई होती की श्वास घ्यायलाही तो थांबत नव्हता.

"बाई, ही पंचेचाळीसवर चालती," चाचा हळूच म्हणाले. "तुमी तेहतीसवर लावली असंल."

मोठी तबकडी म्हणजे मिनिटाला तेहतीस फेरे, पंचेचाळीस फक्त छोटीला, हे मी आजवर कित्येकांना ठासून सांगितलं होतं. माझे कान तापले. सायकेडेलिक म्हणून जिच्यावर मी चार पानं खर्च केली, ती अस्सल गॅरेज रॉक होती, आणि मला ते ओळखता आलं नव्हतं.

"तुम्ही ही लग्नात लावायचा?" मी विषय बदलायला विचारलं.

"व्हय तर. पंगत उठवायला. पयली पंगत रेंगाळली, दुसरी ताटकळली, की ही लावायची. मान्सं भराभरा जेवायची. का ते त्यान्लाबी कळायचं न्हाय." सूनबाई दारात तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मलाही हसू आलं. पण अट काही मला पुरी करता आली नव्हती. वही पिशवीत टाकून मी उठणार, तेवढ्यात चाचांनी खटका तेहतीसवर आणला.

"आता तुमची लावूया," ते म्हणाले आणि खुर्ची मशीनजवळ ओढून बसले.

पुन्हा तो विहिरीतला आवाज आला. पहिली बाजू संपली, चाचांनी स्वतः उलटवली, दुसरीही संपली. त्यांनी सुई जपून उचलली.

"तुमी लिव्हलंय ते खरं हाय," ते म्हणाले. "सारा जल्म आमी ही लोकान्ला उठवायला लावली. बसून कधी ऐकलीच न्हवती."

माझा जीव भांड्यात पडला. मी पुठ्ठे पुढं केले. चाचांनी तबकडी शर्टाच्या बाहीनं पुसली, छातीशी धरली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पटलं, बाई. म्हणूनच आता देववत न्हाय. ऱ्हाऊ द्या हितंच."

रिकामे पुठ्ठे मांडीवर घेऊन मी परत आले. वहीतली चार पानं मी फाडली नाहीत, त्यांच्याखाली फक्त 'पंचेचाळीस' असं लिहिलं. माझं मत कुणाला मनापासून पटण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि कपाटातली ती जागा अजून रिकामी आहे.