रांगोळीत बसवलेला आड

गावातला आड मी एकदा जागचा हलवला. दगडी बांधणीचा, आजेसासऱ्यांच्याही आधीचा तो आड मी एका सकाळी रांगोळीच्या चिमटीनं उचलला आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणून ठेवला. पाणी मात्र त्याच्यासोबत आलं नाही. (मूर्खपणा कशाला म्हणतात असं कुणी विचारलं, तर माझा पत्ता द्या.)

आमचं गाव घनसावंगीच्या पलीकडं. जीपनं जायचं, म्हणजे निम्मं अंग जीपच्या बाहेर ठेवून जायचं! गोष्ट नव्वदीतली. गावाला हापसा मंजूर झाला होता. एकच. तो कुठं बसवायचा हे ठरवायला शहरातली एक संस्था आली, 'लोकसहभागातून पाणी नियोजन' अशी कार्यशाळा घेऊन. आड होता वरच्या आळीत आणि आमची खालची गल्ली त्याच्यापासून सगळ्यांत लांब. उन्हाळ्यात दोन घागरी आणेस्तोवर मान खांद्यात जायची. तेव्हा हापसा खालच्या गल्लीलाच पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कार्यशाळेला!

मारुतीच्या पारापुढं मांडव पडला. संस्थेचे सर माइक धरून जे उभे राहिले, ते बसायचं नावच घेईनात. विषय काय, तर नियोजनात बायकांचा आवाज कसा ऐकला जात नाही! हे ऐकायला समोर सतरंजीवर सगळे पुरुष. आणि आम्ही बायका? आम्ही देवळामागं चुली पेटवून त्याच सरांसाठी भाकऱ्या थापत होतो. पिठात पाणी कुणी आणून ओतलं? आम्हीच! धुरानं डोळे चुरचुरत होते आणि भोंग्यातून विचारणा चालू होती, "महिला पुढे का येत नाहीत?"

"ह्याला म्हणावं इकडं ये, उलथनं धर, मंग सांगते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी भाकर तव्यावर अशी आपटली, की तवाच दचकला. मीही धुमसत होते. त्या माइकची वायर ओढून चुलीत घालावी, इथवर माझा विचार पोचला होता.

तेवढ्यात सरांनी फर्मावलं, "आता गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीनं काढायचा. आणि तो काढणार एक महिला!"

आमचे हे ग्रामपंचायतीचे मेंबर. झटकन उठले. "आमच्या घरचीची रांगोळी म्हंजे एक नंबर! अगं ए, जल्दी ये!"

झालं! वायर चुलीत घालायला निघालेली मी 'एक नंबर' ऐकताच लोण्यासारखी विरघळले. पिठाचे हात पदराला पुसले आणि गेले मिरवत.

आणि पहिलं काय केलं? ठिपके घातले! गावाच्या नकाशाला ठिपके! मधोमध मारुती. डावीकडं शाळा, उजवीकडं चावडी, जोडी झकास जमली. पण वर आड एकटाच, आणि खाली आमची गल्ली लांबच लांब, उंदराच्या शेपटीसारखी. इतकं बेढब गाव मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग मी ते नीट केलं. शेपटी गुंडाळून तिची कमळाची पाकळी केली. आड खाली ओढून पाकळीच्या देठाशी बसवला, त्यात निळा रंग भरला. वर जागा मोकळी राहिली, तिथं दोन मोर. (गावात मोर एकही नव्हता. संस्थेनं त्यांचीही गणती केली असणार.)

शेजारच्या रजियाभाभी माझ्या मागं उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "अगं, आड आपल्या गल्लीत कवा आला?"

"थांबा हो भाभी. तोल जाऊन राह्यला."

"कुणाचा?"

"रांगोळीचा!"

"मला वाटलं तुझा."

पण मी ऐकते कशाला! सर टाळ्या वाजवत होते. "अप्रतिम! याला म्हणतात लोकांचं ज्ञान!" त्यांच्या मॅडमनी चारी बाजूंनी फोटो घेतले. माझी मान अशी ताठ झाली, की त्या दोन मोरांत तिसरी मीच.

मग सरांनी नकाशावर काठी टेकवली. "खालच्या वस्तीला आड अगदी लागून आहे. वरच्या आळीला मात्र पाण्याची काहीच सोय दिसत नाही. तेव्हा हापसा वरच्या आळीत!"

म्हणजे खऱ्या आडाच्या शेजारी! वरच्या आळीनं टाळ्यांचा कडकडाट केला. आमच्या ह्यांनीही केला. मेंबर ना! आधी टाळी, मग विचार.

माझ्या हातातली रांगोळीची वाटीच पडली. "सर, नकाशा चुकला! आड वर हाय!"

"ताई, हा नकाशा लोकांनी काढलाय. आम्ही त्यात ढवळाढवळ करत नसतो."

"कुठले लोक? मी काढलाय! मीच सांगून राह्यले ना, चुकला म्हणून!"

"एका व्यक्तीच्या मतावर निर्णय फिरवता येत नाही, ताई."

बघा! काढताना मी लोक होते, आणि चुकलं म्हणताना एक व्यक्ती! आज नातवंडं झाली तरी हे वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं. "अहो, चार पावलं चाला, डोळ्यांनी बघा!" असं मी ओरडले, तर सर घड्याळ बघून म्हणाले, "आता जेवणाची वेळ झाली."

जेवणाची? या म्हटलं! पंगतीला पिठलं, भाकरी आणि सासूबाईंच्या हातचा ठेचा वाढला. तांबे मात्र सगळे पालथे घातले. सरांनी ठेच्याचा पहिला घास घेतला आणि त्यांचे कान लाल झाले.

"पाणी... ताई, पाणी!"

"नकाशात बघा की सर. आड तुमच्या मांडीला लागून हाय."

चुलीपाशी बायका पदर तोंडात कोंबून हसू लागल्या. हे धावत आले. "अगं, पाव्हणे हायेत! पाणी दे!"

"तुम्हीच आणा. जवळच तर हाय! टाळी वाजवली न्हाई का मघाशी?"

हे खरंच घागर घेऊन पळाले. मला वाटलं, आता सरांना अंतर कळेल. कसलं काय! त्यांनी ड्रायव्हरला खूण केली आणि जीपमधून शहराहून आणलेलं पाणी मागवलं. बाटल्यांचा ढीग होता! हे धापा टाकत परत आले, तोवर सर हात धुऊन जीपमध्ये बसलेही होते.

हापसा बसला वरच्या आळीत, आडाला खेटून. उन्हाळा लागला तशी आमची अख्खी गल्ली रोज घागरी घेऊन चढाला लागायची, आणि सगळ्यांच्या पुढं मी. मागून प्रत्येकीचा एकेक बाण. रजियाभाभी तर विचारायच्या, "आज मोर पाणी न्हाई भरून राह्यले का?" बोलत नव्हत्या त्या एकट्या सासूबाई, आणि मला भीती होती ती त्याचीच. शेवटी एका भर उन्हात त्यांनी चढावर घागर खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या,

"सूनबाई, पुढच्या बारीला आड कशाला काढती? दारात गोदावरीच काढ. निदान तू वाहून तरी जाशील."