एसीखालची परात

कतारमधल्या मेसईदच्या कंपनी क्वार्टर्समध्ये आमच्या वाट्याला आलेलं मागचं अंगण म्हणजे चार खुर्च्या मावतील एवढी जागा, कडेला पत्र्याची शेड, एक बोगनवेल आणि भिंतीतून बाहेर आलेला एसीचा पाइप. या पाइपातून उन्हाळाभर पाणी ठिबकायचं. त्याखाली मी एक जुनी परात ठेवली आणि पक्षी यायला लागले. त्यातच नवऱ्याने वाढदिवसाला कॅमेरा दिला आणि मी कामातून गेले. भाजी करपली तरी बेहत्तर, पण माझ्या लेन्सला कुणी बोट लावलेलं मला खपायचं नाही.

थंडीत धोबी पक्षी यायचा, शेपटी हलवत. हुदहुद भिंतीवर बसून तुरा उघडायचा आणि मी बटण दाबेपर्यंत मिटायचा. तो हे मुद्दाम करतो असं मला अजूनही वाटतं. फेब्रुवारीत कोरफडीला फुलांचे दांडे आले की शिंजीर हजर. एरवी मळकट दिसणारा नर बघता बघता काळा-जांभळा होऊन उन्हात चमकायला लागायचा. मुलगी शाळेतून आली की म्हणायची, "मम्मा, हमिंगबर्ड." हमिंगबर्ड अमेरिकेत असतात, हा आपला शिंजीर, हे मी तिला तीन वर्षं सांगतेय. "ओके मम्मा," म्हणते आणि पुन्हा हमिंगबर्डच म्हणते.

जूनपासून नळाला इतकं गरम पाणी येतं की अंगावर घेववत नाही. मग सगळी वस्ती परातीवर. चिमण्या, होले, साळुंक्या आणि एक लंगडा बुलबुल. त्याचा एक पाय आत वळलेला होता. बाकीचे त्याला हुसकावून लावायचे, म्हणून तो भर दुपारी, सगळे सावलीला गेल्यावर यायचा. डोक्यावर ओला पंचा घेऊन मी शेडखाली त्याची वाट बघायचे. "ये लंगड्या, कुणी नाही," असं मोठ्याने म्हणायचे. ऐकायला होतंच कोण? त्याचे शेकडो फोटो आहेत माझ्याकडे. माझा जीव होता त्याच्यावर.

गेल्या जुलैत नेहमीप्रमाणे सुट्टीवर निघालो. इथल्या सगळ्यांची निघताना एकच धांदल असते. फ्रिज रिकामा करा, गॅस बंद करा, शेवटी मेन स्विच खाली ओढा. मी आठवणीने परात काठोकाठ भरली आणि स्वतःवरच खूश होऊन गाडीत बसले.

साताऱ्याला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भावाला फोटो दाखवत होते. लंगड्या परातीच्या काठावर आणि त्याच्यामागे हवेत थांबलेला पाण्याचा थेंब. माझा सगळ्यात आवडता फोटो.

"हे पाणी कुठनं पडतंय गं?" भावाने विचारलं.

"एसीचं," म्हणाले आणि तो थेंब पुन्हा बघितला. मेन स्विच बंद. एसी बंद. परातीतलं पाणी त्या उन्हात संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नसणार. तीन वर्षं ज्या पाण्याची मी त्यांना सवय लावली, ते मीच तोडून आले होते. लंगड्या दुसरीकडे पाणी शोधायला गेला, तरी तिथे त्याला कोण जवळ येऊ देणार?

शेजारी रत्नागिरीच्या एक भाभी राहतात. पन्नाशीच्या, मुलं शिकायला पुण्यात, नवरा प्लांटमध्ये बारा तासांच्या शिफ्टला. येता-जाता हसण्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. त्यांचा नंबरही माझ्याकडे नव्हता. नवऱ्याने चार जणांना फोन करून तो मिळवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाभी, मी शेजारची," मी चाचरत म्हटलं. "आमच्या मागे पक्ष्यांची परात आहे..."

"सुकली होती गो," त्या शांतपणे म्हणाल्या. "निघालीस त्याच सांजेला बघितली. मी माझ्या एसीखाली पातेला ठेवलाय. तुझा लंगड्या दुपारी येऊन पिऊन गेला. तू बिनघोर राहा."

मी रडले. भाऊ हसला, मला राग आला, तरी रडले.

ऑगस्टच्या शेवटी परतलो. एसी लावला, परात घासून ठेवली, कॅमेरा घेऊन बसले. चिमण्या आल्या, लंगड्या आला नाही. पलीकडून त्याचा आवाज मात्र येत होता. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. तिसऱ्या दिवशी साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन पहिल्यांदा भाभींचं दार वाजवलं.

त्यांनी मला थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं. खाली पातेलं, काठावर लंगड्या. तब्येतीने बरा दिसत होता. मी मान वर केली, तर समोर ठेंगण्या भिंतीपलीकडे आमची शेड आणि माझी रिकामी खुर्ची, अगदी हाताच्या अंतरावर. तिथे बसून मी तीन वर्षं याच बाजूला लेन्स लावत होते.

"त्याला लंगड्या म्हणतात, हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

भाभींनी ओट्यावर चहाचे दोन कप मांडले. "तू पाखरां बघायचीस," त्या म्हणाल्या, "आणि मी इथून तुला बघायचे. तेवढाच दिवस जायचा माझा. तू गेलीस नि महिनाभर खिडकीतून बघायला कोणच नाय."