झावळीचा क्रूस

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवाराआधी, गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या चर्चमध्ये परत द्यायच्या असतात. त्या जाळूनच कपाळावर लावायची राख करतात. बायकोने वळलेला झावळीचा क्रूस घेऊन मी टोपलीपाशी उभा होतो. ती गेली त्याला आठ महिने झाले. रडू येत नव्हतं, प्रार्थनाही नाही. फक्त मूठ उघडत नव्हती. मागच्या अनोळखी बाईंनी आपली झावळी उभी फाडली आणि अर्धी मला दिली.

"ही टाका. तो राहू द्या, पुढच्या वर्षी बघू."

उपवासकाळात काय सोडावं, हे फादर दरवर्षी सांगतात. काय धरून ठेवलं तर चालेल, ते कुणी सांगत नाही.

बुधवारी राख लागली तेव्हाही आत काही हललं नाही. हात मात्र खिशातल्या क्रुसावर होता.